वस्तऱ्याचा पट्टा आणि नऊ दाढीवाले

बोरघाट उतरून एसटी खालापूर फाट्यावर थांबली तेव्हा माझ्या पिशवीत एक वस्तरा होता. कुणाला दिसू नये म्हणून मी तो पोळीच्या डब्यात, दोन पोळ्यांच्या मध्ये ठेवला होता. चिंचवडच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या त्रेपन्न वर्षांच्या बाईनं वस्तरा घेऊन कोकणात का उतरावं, ते आधी सांगून टाकते.

वस्तरा माझ्या वडिलांचा, अण्णांचा. वय ब्याऐंशी. साठ वर्षं त्यांनी रोज सकाळी सहाला त्याच वस्तऱ्यानं आपली दाढी आपण केली. ब्लेडनं दाढी करणारा माणूस आणि चमच्यानं वरणभात खाणारा माणूस त्यांच्या लेखी एकाच लायकीचे. दोन वर्षांपूर्वी त्यांचा हात थरथरायला लागला. तरी वस्तरा सोडवेना, आणि गालावर रोज कापसाचे बोळे. शेवटी दिवाळीच्या आदल्या दिवशी मी म्हणाले, "अण्णा, आजपासून मी करते." ते चक्क हो म्हणाले.

दाढीआधी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासावा लागतो, म्हणजे त्याची धार सुतासारखी सरळ होते. हे मी साठ वर्षं नाही तरी पन्नास वर्षं रोज पाहत आले होते. पाहिलं म्हणजे येतं, असं माझ्या वर्गातल्या मुलांनाही वाटतं. मी पट्टा ताणून धरला, सुरी चालवावी तशी धार पुढे घातली, आणि पट्ट्याचे दोन तुकडे झाले.

अण्णा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दोन्ही तुकडे उचलले, कपाटात ठेवले आणि गॅलरीत जाऊन बसले. त्या दिवसापासून त्यांची दाढी वाढत होती. घरी बोलावलेल्या न्हाव्याला त्यांनी चहा पाजून परत पाठवलं. अशा तोंडानं चारचौघांत काय जायचं, म्हणून सोसायटीच्या बाकावरची मित्रांची बैठकही बंद झाली. अडीच महिने माणूस घरात. पट्टा मी कापला होता, तेव्हा नवा मीच आणायचा होता, आणि अण्णांना बाकावर परत बसवायचं होतं.

पुण्यातल्या दुकानांत मी पट्टा मागितला, की समोरून विचारणा व्हायची, "कंबरेचा की कुत्र्याचा?" शेवटी इंटरनेटवर एक जाहिरात सापडली. खालापूरजवळच्या एका फार्महाउसवर शनिवार-रविवारी 'वारसा दाढी कार्यशाळा'. हातानं बनवलेला पट्टा, हातानं बांधलेला ब्रश, आणि 'स्वतःशी पुन्हा ओळख'. स्वतःशी माझी ओळख जरा जास्तच आहे, पण पट्टा हवा होता. मी नाव नोंदवलं. लिंगाच्या रकान्यात स्त्री लिहिल्यावर त्यांचा फोन आला, की मॅडम, आपण भेट म्हणून देताय का. मी म्हटलं, नाही, मीच वापरणार आहे. पलीकडच्यानं रकाना पुन्हा एकदा वाचून दाखवला.

फाट्यावरून मिनिडोर (सहा माणसांची रिक्षा, जिच्यात नऊ बसतात) मिळाली. जानेवारीचं कोवळं ऊन होतं. भात कापून झालेल्या शेतांत वाल वर आला होता आणि दर दोन शेतांमागे एक फार्महाउस उगवलं होतं. त्यांच्या कमानींवर इटलीतल्या गावांची नावं होती. ड्रायव्हरला मी पत्ता दाखवला तर तो म्हणाला, "दाढीवाल्यांकडं जायचंय व्हय? आदी सांगायचं ना. तितं लय येतात."

त्यांना दाढीवाले का म्हणतात ते आत गेल्यावर कळलं. कार्यशाळेला माझ्याखेरीज नऊजण होते आणि नवांच्या नवांना दाढी होती. कुणाची टोकदार, कुणाची छातीपर्यंत, एकाची तर वेणी घातलेली. कार्यशाळा घेणाऱ्या निखिल नावाच्या तरुणाची दाढी सगळ्यांत भारी, तेल लावून विंचरलेली. एक दहावा गृहस्थ मात्र तुळतुळीत होता. त्याला पाहून मला धीर आला, पण तो कुणाचा तरी ड्रायव्हर निघाला आणि चहा संपल्यावर गाडीत जाऊन झोपला.

निखिलनं बोलायला सुरुवात केली. आपले आजोबा सकाळची पंधरा मिनिटं स्वतःला देत असत, ती आपण हरवून बसलो आहोत, असं तो म्हणाला. त्याच्या आजोबांना मी पाहिलेलं नाही. माझे आजोबा ती पंधरा मिनिटं आजीवर ओरडण्यात घालवत, गरम पाणी आणलं नाही म्हणून. पण समोर सगळे डोळे मिटून बसले होते, त्यामुळे मीही मिटले.

मग ब्रश आले. परदेशातल्या बिज्जू नावाच्या रानटी प्राण्याच्या केसांचे, शिसवी मुठीचे. ते गालाला लावायचे नसून आधी 'ऐकायचे' होते. एका संगणकवाल्यानं ब्रश कानाशी धरला आणि आपल्याला पाऊस ऐकू येतो असं सांगितलं. दुसऱ्याला समुद्र ऐकू आला. मला विचारल्यावर मी म्हटलं, मला भूक लागली आहे.

जेवायला पोपटी होती. पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला (या भागातलं एक उग्र वासाचं रानझुडूप) घालून, वालाच्या शेंगा नि कोंबडी भरून, मडकं पालथं घालून भोवती जाळ करून शिजवतात. इथल्या मडक्यात वालाच्या शेंगा पोटाला बाधतात म्हणून ब्रोकोली होती. कुंपणापलीकडे हातभर अंतरावर वालाचं शेत होतं. ते बिचारं आपलं वाढत होतं.

दुपारी पट्टे वाटले. खरं सांगते, खोक्यातून पट्टा काढला तेव्हा मला वाटलं, काम झालं. रुंदी तीच, वरची पितळी कडी तशीच, अण्णांच्या पट्ट्याचा धाकटा भाऊ शोभला असता. फरक एवढाच की तो आरशासारखा चमकत होता आणि मधोमध फार्महाउसचं चिन्ह डागलेलं होतं. मी डब्यातून वस्तरा काढला, पोळीचा कण पुसला आणि चमकत्या भागावरून अगदी अलगद ओढला. चामडं धारेला धरेना. वस्तरा काचेवरून घसरावा तसा घसरत होता.

"मॅडम, वर आम्ही संरक्षक लेप देतो," निखिल म्हणाला. "फोटोत लेदर खूप सुंदर दिसतं."

"पण मग धार कशी लागणार?"

"हा प्रश्न आजवर कुणी विचारला नाही," तो कौतुकानं म्हणाला आणि त्यानं तो वहीत लिहून घेतला.

मी नऊजणांकडे पाहिलं. सगळे पट्टा भिंतीवर कुठे शोभेल याची चर्चा करत होते. हे बनवतं कोण, असं विचारल्यावर निखिलनं भिंतीवरचा फोटो दाखवला. धुकं, डोंगर आणि त्यात कुणाचे तरी सुरकुतलेले हात. खाली लिहिलं होतं की दुर्गम अरण्यात, जगापासून दूर, एक अनामिक कारागीर पिढ्यान्‌पिढ्या ही साधना करतो. नाव, गाव काही नाही. तो कोण हे गुपित ठेवण्यातच गंमत आहे, असं निखिलचं म्हणणं पडलं.

गंमत स्वयंपाकघरात दोन मिनिटांत संपली. पोपटीचं मडकं घासणाऱ्या बाई माझ्या हातातला पट्टा बघून म्हणाल्या, "ह्यो तर दगडूनानांचा. आमच्या कशेल्याचे हायेत. बाजाराच्या मागं ऱ्हातात, पीठगिरनीच्या बाजूला."

"तिथं अरण्य आहे का हो?"

"कुटं? समोर मोबाईलचं दुकान हाय."

दुसरा दिवस कार्यशाळेत 'मौन दाढी'चा होता. मी सकाळीच कर्जतपुढच्या कशेळ्याला निघाले. खोपोलीहून कर्जतच्या रस्त्याला लागलेल्या रिक्षात पळसदरीच्या धरणावर जाणारं एक कुटुंब होतं. त्यांनी सोबत एक गॅसची शेगडी, एक स्पीकर आणि तीन कलिंगडं घेतली होती. निसर्गात शांत बसायला चाललोय, असं त्यांनी मला सांगितलं. कर्जतला जीप भरायला पाऊण तास लागला आणि तो वेळ मी स्टेशनजवळ वडापाव खाऊन सत्कारणी लावला. जीपमध्ये माझ्या मांडीवर कुणाचीतरी कोंबड्यांची पाटी होती. वळणावर कोंबडीनं माझ्या बोटाला चोच मारली आणि मालकीणबाई माझ्याऐवजी तिचीच समजूत घालत राहिल्या.

कशेळ्यात पीठगिरणी सापडायला वेळ लागला नाही. बाजूच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ मांडीवर चामड्याची पट्टी घेऊन तिच्यावरून तळहात फिरवत होते. खाली, वर, खाली, वर. समोर टीव्हीवर कुस्ती लागली होती. त्यांच्या गालावर पांढरी खुंटं होती, आठवड्याभराची तरी. मला त्यांच्यात गॅलरीतले अण्णा दिसले.

हेच दगडूनाना. चाळीस वर्षं भिवपुरीला पॉवरहाउसच्या कॉलनीत त्यांचं दुकान होतं. साहेबांच्या दाढ्या, पोरांचे केस, लग्नाच्या नवरदेवांची कटिंग. पुढे लोकांनी ब्लेडची यंत्रं घेतली आणि नानांनी धोकटी (न्हाव्याची हत्यारांची पिशवी) खुंटीला टांगली. वस्तऱ्याचे पट्टे ते आधीपासून करायचे, तेवढं चालू राहिलं. म्हशीचं चामडं, बोकडाच्या केसांचे ब्रश, मुठी शिवणीच्या लाकडाच्या. ही माहिती मला त्यांची सून मंदा हिनं दिली, कारण नाना कुस्ती संपेपर्यंत बोलत नव्हते.

"चामडं पट्ट्यावानी कापलं मंजे पट्टा झाला, असं नसतं ताई," मंदा म्हणाली. "म्हैनाभर रोज तळहातानं घासतात. हाताचं तेल आत मुरलं पायजे म्हणं. आमचा टीव्ही बिघडला तं ह्यांचं काम बी बंद."

कुस्ती संपली. मी पिशवीतून चकचकीत पट्टा काढून नानांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांनी पाहिलाच नाही, नुसता तळहात फिरवला. मग अंगठ्याच्या नखानं कोपरा खरवडला. लेपाचा पापुद्रा निघाला.

"ह्ये कोनी केलं?"

मी सांगितलं. लेप, डागलेलं चिन्ह, भिंतीवर टांगायची चर्चा, सगळं. नाना ऐकत राहिले. टेंपोवाला येऊन माल घेऊन जातो, पुढचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

"पर दाढी व्हत आसंल ना त्येंची? पट्ट्याच्या येका बाजूनं तरी?"

"नाना, त्या सगळ्यांना दाढ्या आहेत."

मंदा पदर तोंडाला लावून हसायला लागली. मलाही हसू आलं, सकाळपासून हेच सांगायचा मला सोस होता. पण नाना हसले नाहीत. त्यांनी पट्टा माझ्याकडे परत दिला आणि तळहात धोतराला पुसला. म्हातारा माणूस महिनाभर जे हातानं आत मुरवतो, ते तिकडे कुंचल्याच्या एका फटक्यात बुजवून टाकतात, आणि मी ते त्याला विनोद म्हणून सांगायला आले होते. माझी मलाच लाज वाटली.

मग मी अण्णांबद्दल सांगितलं. कापलेला पट्टा, वाढलेली दाढी, रिकामा बाक. नवा पट्टा हवा म्हणाले.

"तसा देत नाय मी," नाना म्हणाले. "ज्याला पायजे त्यानं आदी माजी दाढी करायची. माज्या पट्ट्यावर वस्तरा लावून. गालाला कळतं, पट्टा कोनाच्या हातात चाललाय ते."

"आन्‌ टेंपोवाल्याला कसे दिले?" मंदानं विचारलं. ती मला म्हणाली, "ताई, दोन वर्सं झाली. टेंपोवाला म्हनला, गिऱ्हाईकं शनवार-आयतवारी दाढी कराया धाडतो, म्हनून हे सोमवारपासून दाढी राखून बसतात. कोन येत नाय का कोन जात नाय. सोमवारी आपली आपन करतात, नि परत सुरू."

आठवड्याची खुंटं गालावर का होती ते मला आता कळलं. ती कार्यशाळेतल्या नवांसाठी होती. ते नऊजण या घडीला खालापूरला मौन पाळत असतील.

"मी चालेन का?" मी विचारलं.

नानांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बाईनं दाढी केल्येली नाय कदी माजी."

"बाईनं केल्येलं जेवन चालतं," मंदा म्हणाली. "बसा गप."

ओट्यावर खुर्ची आली. मंदानं गरम पाणी आणलं आणि नानांचा बोकडाच्या केसांचा ब्रश दिला. त्याला अजून बोकडाचा वास होता, त्यातून पाऊसबिऊस काही ऐकू येत नव्हता. फेस मात्र असा झाला की नाना त्यात दिसेनासे झाले.

आपला जुना पट्टा त्यांनी खिडकीच्या गजाला अडकवला. "पाठ फुडं," ते म्हणाले. "धार मागून येऊ दे. आन्‌ फिरवताना पाठीवरच उलटायचा, धारंवर नाय. दाबू नका. वस्तऱ्याचं वजन पुरं हाय." मी ओढला. पहिल्यांदा काहीच नाही. दहाव्या-बाराव्या वेळेला खर्र, खर्र असा बारीक आवाज यायला लागला, आणि मला आमचा मोरीपुढचा पॅसेज आठवला, सकाळचे सहा, पाट्या-दप्तरांची घाई, आणि अण्णा. पन्नास वर्षं मी हा आवाज ऐकला होता. त्याच्याकडे कान मात्र दिला नव्हता.

उजवा गाल बरा झाला. डावीकडे कानाखाली माझा हात चुकला आणि फेसात तांबडा ठिपका उमटला. मी थांबले.

"थांबलात का?" नानांनी डोळे न उघडता विचारलं. "अर्धी दाढी घिऊन मी बाजारात कसा जानार?"

"लागलं तुम्हाला."

"मला लागलं. तुमी कशाला रडताव?"

रडत मी खरंच होते. गळ्यापाशी वस्तरा न्यायचा होता. एका परक्या माणसानं डोळे मिटून आपला गळा माझ्यापुढे केला होता, आणि माझ्या बापाचा गळा आठवड्यात माझ्यापुढे येणार होता. मी पुन्हा पट्ट्यावर दहा हात मारले आणि हनुवटीखालून सुरुवात केली. ओट्याखाली बाजाराला आलेली चार माणसं उभी राहून बघत होती. एकजण म्हणाला, "नाना, पळा रं." नानांनी बोटानं त्याला गप्प केलं.

झाल्यावर नानांनी तुरटी फिरवली, आरसा घेतला नाही, तळहात दोन्ही गालांवरून नेला आणि म्हणाले, "चालंल." आत जाऊन त्यांनी सकाळपासून घासत होते तीच पट्टी आणली.

"हा अजून कच्चा हाय. दोन आठवडे घासायचा ऱ्हायलाय. न्या. रोज तळहातानं घासा, मंग वापरा."

"मला शाळा असते, नाना. वेळ—"

"तुमी नाय. तुमच्या वडलांना सांगा. त्यांला काय काम हाय?"

"त्यांचा हात थरथरतो."

"मंग तर ब्येस. वस्तऱ्याला थरथरता हात नाय चालत. पट्ट्याला चालतो. सगळीकडं फिरतो."

मंदानं जेवायला थांबवून घेतलं. तांदळाची भाकरी, सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) आणि वालाचं बिरडं. वाल माझ्या पोटाला अजिबात बाधले नाहीत. निघताना ती म्हणाली, "बगा, उद्या सोमवार. उद्यापासून परत राखतील."

परतीला कर्जतहून गाडी मिळाली. मागून ढकलायला इंजिन जोडलं आणि गाडी घाट चढू लागली. मी फोनवर निखिलला लिहिलं, की लेप देऊ नका, पट्टा निरुपयोगी होतो, आणि एकदा तरी कशेळ्याला जाऊन नानांची दाढी करा, ते वाट बघतात. लोणावळ्याला उत्तर आलं. 'किती सुंदर गोष्ट. आमच्या पेजवर वापरू का?' पुढे हात जोडलेलं एक चित्र. त्या चित्रालाही दाढी असती तर मला नवल वाटलं नसतं.

घरी अण्णा गॅलरीत होते. मी पट्टा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि नानांचा निरोप सांगितला, शब्दाला शब्द, थरथरत्या हाताचा भाग न गाळता. त्यांनी पट्ट्याचा वास घेऊन पाहिला, कडी हलवून पाहिली. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा टीव्ही लागलेला होता आणि त्यांचा उजवा हात पट्ट्यावरून चालला होता. दोन आठवडे चालला. भाजी निवडताना सांडतं म्हणून मी त्यांच्या हातून काढून घेतलेली सगळी कामं मला त्या दोन आठवड्यांत आठवत होती. मी ती का काढून घेतली, याचं मला वाईट वाटतं.

पंधराव्या दिवशी रविवारी सकाळी सहाला त्यांनीच खुर्ची मोरीपुढे ओढली. मी वस्तरा पट्ट्यावर लावला, पाठ पुढं. तिसऱ्या हाताला आवाज आला तसे त्यांनी डोळे मिटले आणि मान मागे टाकली. सगळं झालं तेव्हा सात वाजायला आले होते. त्यांनी तळहात गालांवरून फिरवला, बोटाला लागलेलं रक्त पाहिलं.

"दोन काप," ते म्हणाले. "मला पहिल्या दिवशी पाच लागले होते."

मग चपला शोधू लागले, बाकावर जायला. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "उद्या सहाला. उशीर करू नकोस. पट्टा मी घासून ठेवतो."